पाटातल्या टर्बाइनला डिफ्युझर : कामाच्या नोंदी

२० ऑक्टोबर : जागा आणि मापं

पाटाच्या वाहत्या पाण्यावर वीज करणाऱ्या लहान टर्बाइनभोवती डिफ्युझर, म्हणजे मागे रुंद होत जाणारी नळी, लावून किती फरक पडतो याच्या या नोंदी. कालव्याचा सिमेंटचं अस्तर असलेला सरळ तुकडा निवडला आहे. वळणापासून शंभर मीटर तरी लांब, कारण वळणानंतर प्रवाह एका कडेला ओढतो आणि रोटरच्या (पाण्याने फिरणाऱ्या चक्राच्या) डाव्या-उजव्या अंगाला वेगवेगळा वेग मिळतो. तळ ३ मी. रुंद, बाजूंचा उतार दीडास एक, आवर्तनात (कालव्याला पाणी सोडलेलं असताना) पाण्याची खोली १.६ मी. म्हणजे पाण्याचा छेद ८.६ चौ.मी. सरासरी वेग १.१ मी./सेकंद धरला तर साधारण ३३५ क्युसेक. मध्यभागी, तळापासून ७५ सें.मी.वर वेग १.३ मिळतो. सगळी गणितं या १.३ वर.

रोटर ०.८ मी. व्यासाचा, तीन पात्यांचा. ०.५ चौ.मी. क्षेत्रातून १.३ मी./सेकंदाने जाणाऱ्या पाण्यात ५५२ वॅट असतात. बेट्झ मर्यादेनुसार उघड्या रोटरला त्यातले जास्तीत जास्त ५९.३ टक्के मिळू शकतात. घरी घडवलेल्या लहान पात्यांना २८ ते ३२ टक्के मिळाले तरी काम चांगलं झालं म्हणायचं.

परवानगी लेखी घेतली. अटी दोन : पाटकऱ्याने सांगितल्यावर यंत्र दहा मिनिटांत पाण्याबाहेर आलं पाहिजे, आणि वरच्या बाजूला पाण्याची पातळी डोळ्यांना दिसेल इतकी चढता कामा नये. दुसरी अट डिफ्युझरला थेट लागू होते, त्यामुळे ओढीचं गणित आधीच केलं. उघड्या रोटरवर ३७ किलोच्या आसपास ओढ येते. १.२ मी. बाह्य व्यासाचा डिफ्युझर लावला की ती ९५ किलोवर जाते. एवढ्या ओढीने या छेदात पातळी साधारण एक सेंटीमीटर चढते. ते चालतं. पण पुढच्या जाळीवर कचरा साठला तर चालत नाही, म्हणून जाळीचं काम जपून करायला हवं.

९ नोव्हेंबर : सांगाडा, पाती, शाफ्ट

पाण्याअभावी कालवा कोरडा असताना सांगाडा बसवला. ४०×४०×५ अँगल, ४२ किलो. दोन्ही काठांवर टेकणारा आडवा बीम, त्याला उभी सरकणारी चौकट आणि वर एक टनाची चेन पुली. यंत्र वर-खाली करायचा खर्च टाळू नका. पाण्यात उतरून दुरुस्ती करणं हा पर्यायच नाही. अस्तराचे उतार शेवाळलेले असतात आणि वाहत्या पाटात पडलेल्या माणसाला बाहेर यायला आधार मिळत नाही. बीमवर चढणाऱ्याला लाइफ जॅकेट आणि कमरेला दोर, दोन्ही.

पाती सागवानाची, वरून फायबरग्लास. मुळाशी १३० मि.मी. रुंद, टोकाशी ७०. हबमध्ये (पाती धरणाऱ्या मधल्या भागात) पात्याचं मूळ गोल ठेवून क्लँपने आवळलं आहे, म्हणजे कोन बदलता येतो. हा एक निर्णय पुढे फार उपयोगी पडला. वेल्डिंगने पक्की केलेली पाती असती तर डिफ्युझर लावल्यावर नवी घडवावी लागली असती.

शाफ्ट २५ मि.मी. स्टेनलेस. ताकद वर नेण्यासाठी टायमिंग बेल्ट (दातांचा पट्टा), एकास तीन. बेल्टचा पाय (बेल्ट वर जातो तो उभा भाग) रोटरच्या मागे १२० मि.मी. अंतरावर, त्याला माशाच्या आकाराचं पत्र्याचं आवरण. वर ३०० वॅट, मिनिटाला ४५० फेऱ्यांचा कायम चुंबकाचा अल्टरनेटर, त्यापुढे रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि २४ व्होल्टची बॅटरी. बॅटरी भरली की वीज पाण्यातल्या हीटरकडे वळते. ही वळणवाट हवीच : भार सुटला की रोटर जवळपास दुप्पट वेगाने पळतो आणि बेल्टचे दात जातात.

खर्च आत्तापर्यंत : पाती-हब ९,५००, शाफ्ट-बेल्ट-पुली ७,२००, अल्टरनेटर १४,०००, सांगाडा ५,८००, चेन पुली ४,५००.

२८ नोव्हेंबर : पाणी सुटलं, बुश अडकले

पहिल्या रात्रीतच रोटर थांबला. पाण्यात चालणारे बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळ्या) नायलॉनचे होते, शाफ्टपेक्षा ०.१ मि.मी. मोकळे. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. फुगलं की आतलं भोक लहान होतं. सकाळपर्यंत शाफ्ट हाताने फिरेना. बॉल बेअरिंगचा विचार आधीच सोडला होता, कारण कालव्यातला बारीक गाळ कुठलंही साधं रबर सील फार दिवस रोखू शकत नाही.

लेथवर एसिटलचे (हे एक कठीण प्लास्टिक) नवे बुश केले, फट ०.३ मि.मी., आणि आत लांबीला तीन खाचा, म्हणजे गाळ पाण्याबरोबर निघून जातो. मोकळे वाटतात, पण पाण्यात बरोबर बसतात. यात आवर्तनाचे सुरुवातीचे चांगले दिवस गेले. नायलॉनच वापरायचं असेल तर तुकडे दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मगच भोक पाडा.

४ डिसेंबर : उघड्या रोटरचं मोजमाप

डिफ्युझर लावण्याआधी उघड्या रोटरचा आकडा नीट घेतला नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. विजेचा आकडा पुरेसा नाही, कारण अल्टरनेटरची कार्यक्षमता फेऱ्यांबरोबर बदलते आणि ती वाढ डिफ्युझरच्या खात्यात जमा होते. म्हणून अल्टरनेटर सोडवून वरच्या शाफ्टवर २०० मि.मी. व्यासाचा ड्रम बसवला आणि दोरीचा ब्रेक केला : दोन टोकांना दोन ताणकाटे, वरून पाण्याची धार. दोन काट्यांतला फरक ४.१ किलो, ३७२ फेरे. म्हणजे १५८ वॅट. बेल्टचा तोटा यात आलाच आहे. खाली रोटर १२४ फेरे, टोकाचा वेग प्रवाहाच्या चौपट. पाण्यातल्या ताकदीच्या २८.६ टक्के.

वेग मोजताना प्रवाहमापी रोटरच्या पुढे, पाणी येतं त्या बाजूला, दीड मीटरवर धरला. त्याहून जवळ धरला की रोटरने अडवलेलं पाणी मोजलं जातं. ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे वेगात ५ टक्के चूक म्हणजे वॅटमध्ये १६ टक्के चूक. इथे दिलेले सगळे वॅट १.३ मी./सेकंदाला आणून दिले आहेत. पाटाची पातळी दिवसभरात हलते, न आणता तुलना करू नका.

१० डिसेंबर : पहिला डिफ्युझर, १५१ वॅट

१६ गेज गॅल्व्हनाइज्ड पत्रा, रोलिंग करून एकच सरळ शंकू : गळा ८१२ मि.मी., लांबी ५५० मि.मी., एका बाजूचा कोन १६ अंश, बाहेरचं तोंड ११२७ मि.मी. खर्च ८,४००. पाण्यात उतरवून मोजलं : १५१ वॅट. उघड्या रोटरपेक्षा कमी.

डिफ्युझर ‘पाणी गोळा करून’ रोटरवर टाकतो अशी समजूत असते आणि त्यामुळे लोक पुढचं तोंड मोठं करतात. काम मागे होतं. मागचा रुंद होत जाणारा भाग रोटरच्या पाठीमागे दाब कमी करतो, त्या कमी दाबाकडे जास्त पाणी ओढलं जातं. हे घडायला पाणी भिंतीला चिकटून रुंद व्हायला हवं. ते भिंत सोडून गेलं की शंकू नुसता अडथळा उरतो.

खरंच सोडतं का, ते पाहण्यासाठी आतल्या भिंतीला लोकरीचे ६ सें.मी.चे धागे ओळीने चिकटवले आणि जलरोधक कॅमेरा मागून ४० सें.मी.वर धरला. रब्बीत पाणी त्यासाठी पुरेसं नितळ असतं. गळ्याजवळची पहिली ओळ सरळ मागे ताणलेली. दुसरी ओळ थरथरणारी. तिसऱ्या ओळीपासून धागे उलटे, रोटरकडे तोंड करून. म्हणजे शंकूच्या पहिल्या एक-तृतीयांश भागानंतर पाणी उलटं फिरत होतं.

त्याच चित्रणात आणखी दोन गोष्टी दिसल्या. पुढच्या कापीव धारेवर पाणी तुटत होतं आणि भोवऱ्यांची माळ थेट पात्यांच्या टोकांवर येत होती. आणि टोक व भिंत यांतली फट एका बाजूला ४ मि.मी., समोर १५.

१४ डिसेंबर : ओठ आणि फट

पुढच्या धारेला गोल ओठ हवा. स्प्रिंकलरचा ६३ मि.मी. एचडीपीई पाइप लांबीला मधोमध चिरला, हॉट एअर गनने गरम करत रिंगभोवती वळवला आणि आतली कड भिंतीशी सपाट बसवून रिव्हेट मारले. आतली कड दोन मि.मी. जरी वर आली तरी सगळी मेहनत वाया. तिथे एपॉक्सी भरून घासून घ्या.

फट असमान होण्याचं कारण वेल्डिंगची उष्णता. गळ्याचा पत्रा लंबगोल झाला होता. २५×५ च्या पट्टीच्या दोन रिंगा बाहेरून थंड असतानाच बोल्टने आवळल्या, मग आतून प्लायवुडची गोल तबकडी घालून ठोकून सरळ केला. पूर्ण शिवण न मारता टाके मारले असते तर हे टळलं असतं. आता फट सगळीकडे ६ मि.मी. रोटरच्या व्यासाच्या एक टक्क्याच्या आत राहिली की टोकावरून निसटणारं पाणी आटोक्यात राहतं. उचलताना गळ्याला दोर बांधू नका, पुन्हा लंबगोल होतो, हुक चौकटीला.

मोजमाप : १७६ वॅट. शंकू तोच, भिंत सोडलेलं पाणी तसंच. तरी २५ वॅट नुसत्या ओठाने आणि फटीने दिले.

२० डिसेंबर : पाणी बंद. वाऱ्याचं काय?

दोन आवर्तनांच्या मधल्या काळात नवा शंकू करायचा आहे. दरम्यान हेच गच्चीवरच्या पवनचक्कीला लावावं का, अशी विचारणा होत राहते, तर त्याची नोंद.

वाऱ्यात डिफ्युझर चालतो. जपानच्या क्यूशू विद्यापीठात युजी ओह्या यांनी मागच्या तोंडाला उभी कॉलर (कडेभोवतीची पट्टी) लावून, रोटरच्या तेवढ्याच व्यासाला दोन ते पाच पट वीज मोजली आहे. पाच पट लांबलचक डिफ्युझरला मिळते. आखूड, बांधता येण्याजोग्या रूपाला दोन-तीन पट. मागच्या कॉलरमुळे ही रचना स्वतःहून वाऱ्याला तोंडही देते. पण न्यूझीलंडमध्ये १९९०च्या दशकात उभारलेलं ‘व्होर्टेक ७’ हे डिफ्युझरवालं पवनयंत्र अपेक्षेइतकी वीज देऊ शकलं नाही.

अडचण वादळाची. पाती थांबवता येतात, डिफ्युझर थांबवता येत नाही. आयएस ८७५ या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मी./सेकंद आणि मुंबईसाठी ४४ आहे. ३९ ला या मापाच्या डिफ्युझरवर ११० किलोच्या वर ओढ येते, थांबलेल्या उघड्या रोटरवर त्याच्या कितीतरी कमी. गच्चीच्या कठड्याला लावलेल्या पाइपचं ते काम नाही. पाण्यात मात्र वेग ठरावीक असतो, १.३ चा एकदम ४ होत नाही. डिफ्युझरसाठी पाट ही वाऱ्यापेक्षा सोयीची जागा आहे ती यामुळे.

१८ जानेवारी : दोन तुकड्यांचा शंकू, २१४ वॅट

जुना शंकू कापून फेकला, गळा आणि ओठ ठेवले. नवी रचना अशी : रोटरभोवती १०० मि.मी. सरळ नळी. मग २५० मि.मी. लांब शंकू, कोन ७ अंश, शेवटी व्यास ८७३. त्यानंतर वेगळी रिंग, सुरुवातीला ९०३ व्यास, ३०० मि.मी. लांब, कोन १४ अंश, बाहेरचं तोंड १०५३. दुसरी रिंग पहिलीवर ३० मि.मी. चढते आणि दोन्हींत १५ मि.मी. फट राहते. बाहेरचं ताजं, वेगवान पाणी या फटीतून आत शिरून भिंतीलगतच्या थकलेल्या थराला ढकलतं. म्हणून दुसरी रिंग १४ अंश असूनही पाणी सोडत नाही. फट न ठेवता नुसत्या सरळ शंकूत ६-७ अंशांच्या पलीकडे जाऊ नका.

रिंग धरायला आठ ठोकळे, १५ मि.मी. जाडीचे, लांबी प्रवाहाच्या दिशेने. खर्च ६,९००. धाग्यांच्या सगळ्या ओळी सरळ. फक्त बेल्टच्या पायामागे एक पट्टा हलतो. २१४ वॅट.

बेल्ट भिंतीतून जातो ती खाच उघडीच होती. आत दाब कमी असल्यामुळे तिथून पाणी फवाऱ्यासारखं आत घुसून रोटरच्या लगेच मागे थर बिघडवत होतं. दोन्ही बाजूंनी रबराच्या पट्ट्या लावल्या. किरकोळ काम, पण धाग्यांत फरक लगेच दिसला. पुढचं मोजमाप याच्यासकट.

२३ जानेवारी : पात्यांचा कोन, २४३ वॅट

डिफ्युझरमध्ये बसवलेला रोटर वेगळ्या पाण्यात काम करतो. उघडा असताना चक्रातून जाणारं पाणी मूळ वेगाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ०.८७ मी./सेकंद. आता तेच १.३५ च्या घरात. टोकाशी पाणी आधी ९ ते १० अंशांनी येत होतं, आता १२ ते १५ नी. पाती जुन्याच कोनात ठेवली की त्यांना पाणी जास्त तिरकं लागतं आणि मुळाकडून ती स्टॉल होऊ लागतात, म्हणजे पाणी पात्याची पाठ सोडतं. बाजारात मिळणारा तयार रोटर घेऊन त्यावर डिफ्युझर चढवणाऱ्यांना फरक दिसत नाही, तो बहुतेक वेळा यामुळे.

टोकाचा कोन ४ वरून ८ अंश केला. मध्ये ६ आणि पुढे १० ही तपासले : ६ ला वाढ अर्धीच, १० ला सुरू सहज होतो पण फेरे चढत नाहीत. ८ ला सर्वोत्तम काम १५० फेऱ्यांच्या पुढे. तिन्ही पात्यांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक राहिला तर चौकट थरथरते. डिजिटल कोनमापी पात्याच्या ठरलेल्या खुणेवरच ठेवा.

२९ जानेवारी : कॉलर आणि खरा हिशेब

मागच्या तोंडाला ८० मि.मी. उंच सपाट कॉलर, रोटरव्यासाच्या एक-दशांश. कॉलरच्या मागे भोवरे तयार होतात, तिथे दाब आणखी उतरतो. २६८ वॅट, १५५ फेरे, वर ४६५. ताणकाट्यावर ओढ ९७ किलो.

१५८ वरून २६८, म्हणजे १.७ पट. हा आकडा बरोबर आहे आणि अपुरा आहे. कॉलरसकट बाह्य व्यास १.२१ मी. झाला, क्षेत्र रोटरच्या २.३ पट. तेवढ्या बाह्य क्षेत्रावर मोजलं तर यंत्र २१ टक्केच घेतं. त्याच जागेत १.२१ मी. व्यासाचा उघडा रोटर, याच दर्जाच्या पात्यांचा, ३६३ वॅट देईल, आणि थोड्या लांब पात्यांचा खर्च दोन शंकूंच्या १५,३०० पेक्षा बराच कमी. शिवाय अरुंद कालव्यात मोठा अडथळा टाकला की बाजूने जाणाऱ्या पाण्याला जागा कमी पडते आणि थोडं पाणी सक्तीने रोटरमधून जातं. इथे डिफ्युझरने छेदाचा १३ टक्के भाग अडवला आहे, त्यामुळे नदीत हीच १.७ पट मिळेल असं धरू नका. कुठल्याही डिफ्युझरची पट ऐकली की पहिला प्रश्न बाह्य व्यासाचा विचारा.

मग तो ठेवला का? मोठा उघडा रोटर ८२ फेऱ्यांवर फिरतो आणि त्याचा पीळ आताच्या अडीच पट. त्याला दोन टप्प्यांचा बेल्ट किंवा गिअरबॉक्स लागतो आणि २५ चा शाफ्ट पुरत नाही. १५५ फेऱ्यांना एकास तीनचा एकच बेल्ट पुरतो. पाण्याचा वेग एक मीटरखाली गेला तरी हा सुरू होतो. आणि भिंतीमुळे पात्यांची टोकं उघडी राहत नाहीत, जाळी लावायला घट्ट आधार मिळतो. या तिन्ही गरजा नसतील तर डिफ्युझर करू नका, पाती लांब करा.

५ फेब्रुवारी : जाळी

उसाचं पाचट, जलपर्णी, प्लास्टिकच्या पिशव्या. ६ मि.मी.च्या फटीत पाचटाचं एक पान पाचरीसारखं बसलं की रोटर थांबतो. फट वाढवली की वॅट जातात. म्हणून अडवायचं ते पुढेच. सपाट जाळी लावली, ती तासाभरात झाकली गेली आणि ओढ १२० किलोच्या पुढे चढू लागली; तत्काळ उचलली. आता १० मि.मी. सळ्यांची शंकूच्या आकाराची जाळी, टोक प्रवाहाकडे, सळ्यांत ६० मि.मी. अंतर, सळ्या प्रवाहाशी ३० अंशांत. आडवी सळई एकही नाही. आडवी असली की पिशवी तिथेच गुंडाळते. कचरा घसरत कडेला जातो आणि ओठाच्या बाहेरून निघतो. खर्च २,६००.

तोटा ८ टक्के : २४७ वॅट. अल्टरनेटर-रेक्टिफायरनंतर बॅटरीकडे १७५. वीस दिवसांच्या आवर्तनात ८४ युनिट, खोळंबे धरले तर त्याहून कमी.

९ फेब्रुवारी : आवर्तन संपत आलं

यंत्र बाहेर काढून तपासलं. बुश ठीक. ठोकळ्यांच्या पुढच्या धारांवर पाचटाचे धागे अडकलेले, त्यामुळे शंकूमधली फट वरच्या बाजूला निम्मी बुजली होती. ठोकळ्यांची धार गोल करून मागे झुकवली. कापलेल्या पत्र्याच्या कडांना गंज, झिंक पेंट. दोर आणि बीमचे बोल्ट ३०० किलोला धरून केलेले आहेत, त्याखाली जाऊ नका : जाळी रात्री पूर्ण झाकली गेली आणि कोणी जवळ नसलं तर भार तिथवर चढू शकतो. पुढच्या आवर्तनासाठी चेन पुलीला १५० किलोला सुटणारी कातर-पिन लावायची आहे, म्हणजे ओढ वाढली की चौकट बिजागरीवर मागे झुकून आपोआप वर येईल.